उंची अवघी ९६७ मीटर, तरी इतकी अवघड का? स्कॉटलंडमधली ऊनाख एगाख धार

कळसूबाई १६४६ मीटर उंच. ब्रिटनमधलं सर्वांत उंच शिखर बेन नेविस, ते १३४५ मीटर. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तिकडे गेलेल्या, सह्याद्रीत पाय घट्ट झालेल्या मराठी ट्रेकरने स्कॉटिश हायलँड्सचा नकाशा उघडला की हे आकडे बघून त्याला हुरूप येतो. नऊशे-साडेनऊशे मीटरचे डोंगर, सकाळी निघू आणि दुपारपर्यंत खाली येऊ, असा बेत ठरतो. हा बेत कुठे फसतो हे कळण्यासाठी एकच जागा नीट पाहू: ग्लेन को या दरीच्या उत्तरेला उभी असलेली ऊनाख एगाख ही धार. तिचा सर्वांत उंच माथा ९६७ मीटरचा आहे. तरी ब्रिटनच्या मुख्य भूमीवरच्या सर्वांत अरुंद धारांमध्ये तिची गणना होते आणि आयुष्य डोंगरात घालवलेली माणसंसुद्धा तिच्यावर जाण्याआधी दोनदा हवामान बघतात.

एखादी धार किती अवघड आहे, हे मी तिच्यावरून खाली उतरायच्या वाटा मोजून ठरवते. उंचीचा आकडा त्यानंतर येतो. ऊनाख एगाखच्या बाबतीत हा हिशेब फार लवकर संपतो, कारण मधल्या टप्प्यात अशा वाटा जवळजवळ नाहीतच.

धार आहे तरी कशी

स्कॉटलंडमध्ये ३,००० फुटांच्या, म्हणजे ९१४.४ मीटरच्या वर असलेल्या स्वतंत्र शिखरांना 'मन्‍रो' म्हणतात. सर ह्यू मन्‍रो यांनी १८९१ साली अशा शिखरांची यादी प्रसिद्ध केली. पुढे मोजमापं सुधारत गेली, यादीत काही आलं, काही गळलं. सध्या त्यात २८२ शिखरं आहेत. ती सगळी चढून पुरी करणं हा तिकडच्या हजारो लोकांचा वर्षानुवर्षांचा ध्यास असतो. ऊनाख एगाखवर असे दोन मन्‍रो आहेत: म्याउल जेराग (९५३ मीटर) आणि पश्चिम टोकाचा स्गोर नाम फियानी (९६७ मीटर). यादी पहिल्यांदा पुरी केल्याचं श्रेय ज्यांना दिलं जातं, ते पाद्री ए. ई. रॉबर्टसन १९०१ साली त्यातल्या शेवटच्या शिखरावर पोचले, ते शिखर म्हणजे हेच म्याउल जेराग.

बहुतेक लोक धार पूर्वेकडून पश्चिमेकडे करतात. ए८२ या रस्त्याच्या कडेला गाडी लावायची, खड्या चढाने आम बोदाख (९४३ मीटर) गाठायचा आणि तिथून पश्चिमेकडे वळायचं. आम बोदाखवरून पुढे जाताना लगेचच एक कातळटप्पा उतरावा लागतो. हात, पाय, तोंड कातळाकडे. मला हा टप्पा संपूर्ण धारेवरचा सर्वांत उपयोगी टप्पा वाटतो, कारण तो अगदी सुरुवातीला आहे. इथे ज्याचे पाय लटपटले त्याला मागे वळून आल्या वाटेने सुखरूप खाली जाता येतं. पुढे ही सोय नाही.

त्यानंतर म्याउल जेराग, आणि म्याउल जेरागपासून स्टॉब कोरा ले या माथ्यापर्यंत धारेचा खरा अरुंद भाग. एकामागून एक सुळके, त्यांच्यामध्ये खाचा, खाचेत उतरायचं आणि पुन्हा चढायचं. काही ठिकाणी पाऊल ठेवायला जेमतेम जागा आणि दोन्ही बाजूंना शेकडो मीटर मोकळी हवा. तिकडे हात लावून चढण्याच्या अशा वाटांना १, २, ३ अशा श्रेणी देतात. ही वाट २ मध्ये मोडते. तांत्रिकदृष्ट्या पाहिलं तर अलंग-मदनचे कातळटप्पे केलेल्या माणसाला इथली एकेक हालचाल कठीण वाटणार नाही. कठीण आहे ते तीच हालचाल दृष्टिभयाच्या जागी तासन्‌तास, न थकता, न चुकता करत राहणं. त्यात हजारो बुटांनी घासून कातळाच्या पकडी गुळगुळीत झाल्या आहेत. पाऊस पडून गेला असेल तर त्या निसरड्या होतात.

बर्फाने दोन्हीकडून खाल्लेला डोंगर

एवढी अरुंद धार तयार कशी झाली? ग्लेन को हा सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वीच्या एका प्रचंड ज्वालामुखीचा अवशेष आहे. जमिनीखालचा लाव्हा बाहेर पडला आणि वरचा वर्तुळाकार भाग आत खचला. अशा खचलेल्या ज्वालामुखीचं शास्त्रीय वर्णन इथल्याच खडकांच्या अभ्यासावरून १९०९ साली क्लफ, मॉफ आणि बेली या भूवैज्ञानिकांनी केलं, त्यामुळे भूशास्त्रात या दरीचं नाव मोठं आहे. म्हणजे ऊनाख एगाखचा खडकही आपल्या सह्याद्रीसारखाच लाव्ह्यातून आलेला, फक्त वयाने कितीतरी जुना. सह्याद्रीचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा.

फरक पडला तो नंतरच्या काळात. सह्याद्रीला पावसाने आणि नद्यांनी कोरलं. लाव्ह्याचे थर आडवे असल्यामुळे आपल्याकडे कडा, मग पदर म्हणजे मधली सपाट पट्टी, पुन्हा कडा अशी रचना दिसते. कडा अवघड वाटला तर पदरात उतरून आडवं जाता येतं, एखादी नाळ सापडते, गुराख्याची वाट सापडते. ग्लेन कोमध्ये काम केलं ते हिमनद्यांनी. हिमयुगात दरीतून बर्फाचा जाड प्रवाह सरकत होता. त्याने दरीचा तळ रुंद केला आणि भिंती उभ्या तासल्या. डोंगराच्या पाठीमागच्या कोनाड्यांत साचलेल्या बर्फाने दुसरी बाजू पोखरली. दोन्हीकडून पोखरत जाता मध्ये जे शिल्लक राहिलं, तीच ही धार. बर्फ सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी गेला. त्यानंतर फटींत शिरलेलं पाणी गोठलं, गोठताना फुगलं आणि खडक फोडत राहिलं. सुळके आणि मधल्या खाचा या फोडाफोडीतून झाल्या, आणि खालच्या उतारांवरचा घसाराही.

आपल्या सवयीची 'वर नाही जमलं तर पदराने काढू' ही युक्ती इथे का चालत नाही, ते यावरून लक्षात येईल. पदरच नाही.

बाहेर पडायच्या वाटा

दक्षिणेकडे, बरोबर पायाखाली सुमारे आठशे मीटरवर, रस्ता दिसत असतो. कधीकधी स्वतःची गाडीही दिसते. थकलेल्या, भेदरलेल्या माणसाला ती गाडी खुणावते आणि समोरच्या घळीतून सरळ खाली जाऊ असं वाटायला लागतं. आम बोदाख ते स्टॉब कोरा ले या टप्प्यात दक्षिणेला उतरायची एकही सुरक्षित वाट नाही. वरून सोप्या दिसणाऱ्या घळी खाली कड्यावर संपतात. वरून पाहताना उतार गोलाई घेऊन नाहीसा होतो, त्यामुळे कडा दिसतच नाही. तो पाय टाकल्यावर कळतो, तेव्हा वर परतणंही अवघड झालेलं असतं.

उत्तरेला म्याउल जेरागवरून उतरता येतं, पण ती उतरण लॉख लेव्हन या खाडीच्या बाजूला जाते. गाडी डोंगराच्या एका अंगाला आणि माणूस दुसऱ्या अंगाला. गैरसोय मोठी आहे, तरी हवामान फिरलं असेल तर ही गैरसोय आनंदाने पत्करावी.

धार संपल्यावरही प्रश्न संपत नाही. स्गोर नाम फियानीवरून दक्षिणेला अतिशय तीव्र घसाऱ्याचा उतार आहे, गुडघ्यांची परीक्षा घेणारा. क्लाखेग घळीच्या कडेने एक वाट जाते, ती नकाशावर आणि नजरेला जवळची वाटते, खाली खानावळही आहे. पण ती झिजलेली, सुटे दगड असलेली आणि एका खोल घळीला खेटून जाणारी आहे. तिथे जीव गेले आहेत. तिसरी वाट पश्चिमेला पॅप ऑफ ग्लेन को या टेकाडाच्या अलीकडच्या खिंडीत उतरून गावात पोचते. ती सर्वांत लांब आहे, आणि मी कुणालाही हीच सांगेन. दिवसभर जिवाच्या आकांताने लक्ष देऊन माणूस धार पार करतो आणि 'झालं एकदाचं' म्हणून मन सैल सोडतो; नेमक्या त्याच वेळी पायाखाली सुटा दगड येतो.

वेळेचा हिशेब

विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली डोंगरातल्या वेळेचा एक सोपा नियम सांगितला. आजच्या मापात तो असा: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि त्यात दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. ऊनाख एगाखची पूर्ण वाट धरली तर अंतर साडेनऊ किलोमीटरच्या आसपास आणि चढाई सुमारे १,१०० मीटर. नियमाने उत्तर येतं पावणेचार तास. प्रत्यक्षात लोकांना सात ते नऊ तास लागतात.

नाइस्मिथचा नियम चालण्यासाठी आहे. धारेवर माणूस चालत नाही, तो एकेक पाऊल तपासून ठेवतो, पुढचा गट टप्पा उतरेपर्यंत थांबतो, समोरून येणाऱ्यांना वाट देतो. चार जणांच्या गटाचा वेग त्यातल्या सर्वांत घाबरलेल्या माणसाचा वेग असतो. जूनमध्ये तिथे साडेसतरा तास उजेड असतो, त्यामुळे उशीर झाला तरी निभावतं. डिसेंबरात उजेड जेमतेम सात तासांचा. हे दोन आकडे शेजारी ठेवले की उन्हाळ्यात कुणीतरी टाकलेला फोटो बघून हिवाळ्यात बेत का आखू नये हे वेगळं सांगायला नको.

वारा

आकड्यांपेक्षा ज्याचा अंदाज घ्यायला मराठी माणसाला जड जाईल, ती गोष्ट म्हणजे वारा. पावसाळ्यात राजगडावर किंवा नाणेघाटात वारा खाल्लेला असतो, पण हायलँड्सचा वारा वेगळ्या जातीचा आहे. अटलांटिक महासागरावरून, वाटेत काहीही आडवं न येता, तो थेट या डोंगरांवर आदळतो. दरीत पसरून वाहणाऱ्या हवेला धारेवरून जाताना कमी जागेतून जावं लागतं. पाण्याच्या पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की धार जोरात उडते, तसा तिचा वेग वाढतो. खाली गाडीपाशी झुळूक असताना वर उभं राहणं मुश्कील, असं नेहमी घडतं.

दुसरी बाब गणिताची. वाऱ्याचा अंगावर पडणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ३० किलोमीटरचा वारा ६० झाला तर जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. त्यातही एकसारखा वारा एकवेळ परवडला. झोत फार वाईट. माणूस नकळत वाऱ्याकडे झुकून तोल सांभाळतो आणि तो अचानक थांबला की त्याच बाजूला कोलमडतो. रुंद पठारावर याने गुडघा खरचटेल. ऊनाख एगाख पूर्व-पश्चिम पसरलेली आहे, म्हणजे दक्षिणेचा किंवा उत्तरेचा वारा तिला आडवा लागतो, आणि दोन्ही बाजूंना खरचटण्यापुरती जमीन नाही. हायलँड्समधल्याच केर्नगॉर्म शिखरावर २० मार्च १९८६ रोजी ताशी २७८ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. तो टोकाचा दिवस होता. पण धारेसाठी ६० देखील पुष्कळ आहे.

म्हणून तिकडे शहराचं हवामान बघून कुणी डोंगरात जात नाही. 'माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिस' ही सेवा डोंगरमाथ्यांसाठी वेगळा अंदाज देते. त्यात वाऱ्याचा वेग तर असतोच, शिवाय त्या वाऱ्यात चालताना काय होईल, मन्‍रो ढगाबाहेर असण्याची शक्यता किती टक्के आणि किती उंचीवर पाणी गोठेल, हेही लिहिलेलं असतं. तिथे चालणं कठीण जाईल असा इशारा दिसला तर त्या दिवशी धार सोडून दरीत फिरावं.

थंडी आणि ओल

साधारण दर हजार मीटरला साडेसहा अंशांनी हवा थंड होते. रस्त्यावर १२ अंश असतील तर धारेवर ७ च्या आसपास. त्यात ताशी ५० किलोमीटरचा वारा धरला तर अंगाला जाणवणारी थंडी १ अंशाची. हा हिशेब कोरड्या माणसाचा. हायलँड्सच्या पश्चिमेकडच्या डोंगरांवर वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. महाबळेश्वरात याहून जास्त पडतो, पण आपला पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. त्यांचा बारा महिने पुरवून पुरवून येतो. कोकणातल्या पावसात भिजलेला माणूस भिजूनच चालत राहतो, कारण हवा उबदार असते. तिकडे भिजलेला सुती टी-शर्ट आणि जीन्स अंगातली ऊब ओढून घेतात. शरीराचं तापमान उतरायला लागलं की माणूस अडखळतो, शब्द जड होतात, चिडचिड करतो, जॅकेटची चेनही लावता येत नाही. सर्वांत घातक हे की विचारशक्ती मंदावते आणि त्याला स्वतःला ते कळत नाही. सोबत्यानेच ओळखून त्याला कोरडे कपडे घालावे, खायला द्यावं.

मे आणि जूनची सुरुवात मला सर्वांत योग्य वाटते: दिवस लांब, पाऊस तुलनेने कमी, आणि मिज नावाच्या चावऱ्या चिलटांचे थवे अजून पुरते जागे झालेले नसतात. अर्थात चांगला मोसम म्हणजे अभय नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये, ऐन उन्हाळ्यात, या धारेवर पडून तिघांचा मृत्यू झाला.

ढगांबद्दल एक आनंदाची गोष्ट सांगायलाच हवी. पायाखाली ढग आणि पाठीशी सूर्य असला की धारेवरच्या माणसाला आपली लांबच लांब सावली ढगावर पडलेली दिसते आणि डोक्याभोवती सप्तरंगी वलय. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून दिसणारं, कर्नल साइक्सने एकोणिसाव्या शतकात नोंदवलेलं आपलं इंद्रवज्र हेच. बेन नेविसच्या माथ्यावर १८८३ ते १९०४ या काळात हवामानाची वेधशाळा होती. तिथे १८९४ च्या सप्टेंबरात काम करताना सी. टी. आर. विल्सन या तरुण शास्त्रज्ञाने ही वलयं पाहिली आणि तसे ढग प्रयोगशाळेत करून बघायचं ठरवलं. त्यातून अणूतल्या कणांचा माग दाखवणारं 'क्लाउड चेंबर' तयार झालं आणि १९२७ साली त्याला नोबेल मिळालं. इतकं सगळं एका ढगाळ माथ्यावरून सुरू झालं, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

हिवाळा हा वेगळाच विषय आहे. हिमकुऱ्हाड, क्रॅम्पॉन म्हणजे बुटांना बांधायचे धातूचे काटे, आणि ते वापरायचं प्रशिक्षण नसेल तर हिवाळ्यात या धारेचा विचार करू नये. वाऱ्याने उडालेला बर्फ धारेच्या आडोशाच्या बाजूला छज्ज्यासारखा साचत जातो. वरून तो घट्ट जमीन वाटतो आणि खाली असते पोकळी. हिमस्खलनाचा धोका सांगणारी सरकारी सेवा हिवाळ्यात ग्लेन कोसाठी रोजचा अंदाज देते.

फाटक नाही, पाटी नाही

आपल्याकडे वनखात्याचं नाकं असतं, पावसाळ्यात काही ठिकाणी बंदी असते, गडावर रेलिंग असतं. ऊनाख एगाखच्या पायथ्याशी परवाना विचारायला कुणी नसतं. स्कॉटलंडच्या २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या प्रत्येकाला डोंगर-माळावर फिरण्याचा हक्क दिला आहे. ग्लेन कोचा मोठा भाग 'नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड' सांभाळतं. ही जमीन मिळवण्यात गिर्यारोहकांचा पैसा होता आणि पर्सी उन्ना या गिर्यारोहकाने १९३७ साली डोंगर मूळ अवस्थेतच ठेवावेत, ते सोपे करू नयेत, असा आग्रह लिहून ठेवला. त्यामुळे कठीण जागी साखळदंड वा शिड्या बसवलेल्या नाहीत. मला हे धोरण मनापासून पटतं. मात्र त्याचा अर्थ असा की थांबवायला कुणी येणार नाही. थांबायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं.

दोराबद्दलही सांगते, कारण गैरसमज फार आहे. दोन माणसांनी एकमेकांना दोर बांधला, पण तो कुठे अडकवायचा, कसा धरायचा हे येत नसेल, तर एक घसरला की दुसराही जातो. दोर वापरायचा तर तो येणारा माणूस सोबत हवा, आणि त्याच्याकडून आधी सोप्या जागी शिकून घ्यायला हवं.

अडचण आलीच तर ९९९ ला फोन करून आधी पोलीस आणि मग 'माउंटन रेस्क्यू' मागायचं. नेटवर्क नसेल तर मिनिटाला सहा शिट्ट्या किंवा विजेरीचे सहा झोत, मग एक मिनिट थांबून पुन्हा तेच. येणारी माणसं आसपासच्या गावांतली स्वयंसेवक असतात आणि एक पैसाही घेत नाहीत. ग्लेन कोचं पथक उभं करणारे हॅमिश मॅकिनस यांनी डोंगरातून जखमींना आणण्यासाठी घडीचं स्ट्रेचर तयार केलं, ते पुढे जगभर वापरलं गेलं. पण ढग उतरलेले असताना हेलिकॉप्टर धारेपर्यंत येईलच असं नाही, आणि पायी येणाऱ्यांना काही तास लागतात. तेवढा वेळ काढता येईल इतके गरम कपडे प्रत्येकाच्या पाठीवर असायलाच हवेत.

मग सुरुवात कुठून करावी? त्याच दरीत, त्याच ए८२ रस्त्यालगत बुआखिल एतिव बेग नावाचा डोंगर आहे. त्याच्यावरही दोन मन्‍रो: स्टॉब डू ९५८ मीटर आणि स्टॉब कोरा रेनिख ९२५ मीटर. माथ्याची धार रुंद, हात न लावता चालता येईल अशी, आणि दोन्ही शिखरांच्या मधल्या खिंडीतून आल्या वाटेने केव्हाही खाली उतरता येतं. स्टॉब डू म्याउल जेरागपेक्षा पाच मीटरने उंचच आहे. तिथे एक पूर्ण दिवस घालवावा, वारा अंगावर घेऊन बघावा, नाइस्मिथच्या नियमाशी आपला वेग ताडून बघावा. ती धार दोन-तीन वेगवेगळ्या हवामानांत झाली की बेन नेविसला जोडणारी कार्न मोर जेराग ही कमानीसारखी धार घ्यावी. तिथे पहिल्यांदा हात कातळाला लागतात, पण तिची श्रेणी १ आहे. ऊनाख एगाख त्यानंतर, कोरड्या कातळाच्या आणि शांत वाऱ्याच्या दिवशी.